फ्लॉपीवरचे लेखन नेमके कोण रोखते?

प्रश्न: ५.२५ इंची फ्लॉपीच्या (जुन्या संगणकांत माहिती साठवण्याची चुंबकीय चकती) कडेची खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. पण हा अटकाव संगणकातला प्रोग्रॅम करतो की ड्राइव्ह स्वतः? जुन्या फ्लॉपींच्या प्रती काढताना मूळ माहितीला धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १: बहुतेक ड्राइव्हमध्ये हे काम ड्राइव्हचे सर्किटच करते. खाचेच्या जागी एक लहान स्विच किंवा प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. खाच झाकलेली आढळली की लिहिण्यासाठी हेडकडे (चकतीवर माहिती लिहिणाऱ्या भागाकडे) जाणारा प्रवाहच अडवला जातो, त्यामुळे प्रोग्रॅमने किंवा एखाद्या व्हायरसने कितीही आज्ञा दिल्या तरी चकतीवरची माहिती जशीच्या तशी राहते.

उत्तर २: एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. सेन्सर प्रकाशावर चालणारा असेल तर पारदर्शक चिकटपट्टी मुळीच लावू नये, कारण किरण तिच्यातून आरपार जातो आणि ड्राइव्ह खाच उघडीच आहे असे धरून चालतो.

उत्तर ३: ८ इंची फ्लॉपी हाताळणार असाल तर विशेष जपा, तिथे नियम उलटा आहे: खाच उघडी असेल तर लेखन बंद. ३.५ इंचीतही सरकती खिटी हलवून छिद्र उघडे केले की लेखन थांबते.