मुलगा खेळायला "नाही" म्हणतो, किती मागे लागावं?

प्रश्न, एक आई:
माझा मुलगा १४ वर्षांचा. शाळेत या सत्रात प्रत्येकाने एखादा खेळ किंवा उपक्रम घ्यावा असं सुचवलंय, सक्ती नाही. फुटबॉल, टेबल टेनिस, धावणं, नाटक, बरंच काही आहे. विषय काढला की "मला नाही जमत" म्हणतो आणि खोलीचं दार लावून घेतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच मुलगा अंधार पडेपर्यंत बाहेर हुंदडायचा, हाका मारून मी दमायचे. फॉर्म भरायला आठ दिवस उरलेत. त्याचे बाबा म्हणतात, सरळ नाव घालून टाक, रुळेल. मला ते पटत नाही, पण नुसतं सोडूनही देववत नाही.

उत्तर, शाळेत १९ वर्षं खेळ शिकवलेला शिक्षक:
ताई, नाव परस्पर घालू नका.

"जमत नाही" कधीपासून सुरू झालं ते आठवा. मुलांची उंची साधारण १३-१४च्या सुमारास सगळ्यात झपाट्याने वाढते, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची नंतर. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारचा अजून लहानखुरा. दोघं एकाच चेंडूमागे धावले की मागे राहणाऱ्याला वाटतं, आपल्यात काही नाहीच. जन्माच्या महिन्याचाही फरक पडतो. कॅनडात आइस हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजायचे. वरच्या पातळीवर पोचलेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेलेच, म्हणजे आपल्या गटात वयाने मोठे असलेलेच जास्त, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५मध्ये दाखवलं. मुलाला हे समजावून सांगा, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल.

गुडघ्याच्या खाली, पुढच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं का, तेही विचारा. वाढीच्या वयात ते होतं. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

माझ्या वर्गात एक मुलगा दर तासाला पोट दुखतंय म्हणायचा. मी त्याला आळशी समजत राहिलो. वर्ष संपताना कळलं की कपडे बदलायच्या खोलीत पोरं त्याला अंगावरून चिडवायची. खेळाचे कपडे घरूनच घालून ये म्हटल्यावर पोटदुखी थांबली. त्याचं ते वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून "का नाही?" विचारू नका. "त्यातलं नेमकं काय नको वाटतं?" असं विचारा, तेही समोरासमोर बसवून नाही, चालता चालता. मग निवड त्याची. चार वेळा जायचं, नाही आवडलं तर सोडायचं, आणि सोडलं तर घरात एक शब्द नाही. हा शब्द मात्र पाळा.

उत्तर, १७ वर्षांची मुलगी:
मी आधी फक्त गुण लिहायला जायचे. तिसऱ्या आठवड्यात एक जण कमी पडली आणि मला उतरवलं. मैत्रीण सोबत होती म्हणून उतरले, एकटी असते तर नसते उतरले. आणि काकू, बघायला येऊ नका, त्याने बोलावेपर्यंत तरी.

उत्तर, एक बाबा:
संघातच गेला पाहिजे असं नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. सायकल जोरात हाणली तरी ती त्यात धरतात.

पुन्हा आई:
काल कुत्र्याला फिरवताना विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गेल्या वर्षी रिलेत त्याच्या हातून बॅटन पडलं, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो वर्गात अजून फिरतोय. वर्षभर हे त्याने एकट्याने सोसलं. शाळेशी मी त्याबद्दल बोलणार आहे, त्याला विचारूनच.

टेबल टेनिस त्याने स्वतः निवडलं. म्हणाला, एका टेबलाशी चौघंच असतात. चार मंगळवार ठरलेत. फॉर्म भरून झाल्यावर हळूच म्हणाला, आई, बूट लहान होतायत. घालून बघितले, तर दोन नंबरांनी लहान. मला माहीतच नव्हतं.