‘सोतेर्न’ : नेमकी कोणती वाईन?

विचारणा :

एका अमेरिकी कथेचा अनुवाद करतेय. काळ साधारण १९५० च्या आसपासचा. पाहुणे जेवायला बसलेत आणि यजमान कालवांबरोबर ‘सोटर्न’ ओततात. कोशात पाहिलं तर ‘उंची गोड पांढरी फ्रेंच वाईन, जेवणानंतर घेतात’ एवढंच दिलंय. कथेत मात्र एक पाहुणा ती ‘छान कोरडी’, म्हणजे गोडी नसलेली, असल्याचं म्हणतो. गोड वाईन कोरडी कशी? चूक कोशाची की लेखकाची?

प्रतिसाद :

दोघांचीही नाही. आधी मूळ पुस्तकात त्या शब्दाच्या शेवटी ‘एस’ आहे का ते पाहा. बहुधा नसेल, आणि पहिलं अक्षरही लहान असेल.

‘एस’सकट लिहिलं की ते गावाचं नाव. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आग्नेयेला, गारोन नदीच्या डाव्या तीरावर सोतेर्न आहे. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांच्या शिवारात नियमांनुसार केलेल्या गोड पांढऱ्या वाईनलाच हे नाव लावता येतं. (बार्साकवाले हवं तर स्वतःच्या गावाचं नाव लावतात.) ‘एस’ गळालेलं ‘सोटर्न’ हे अमेरिकेतलं बाजारू नाव. कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही साध्या पांढऱ्या वाईनच्या बाटलीवर ते सर्रास छापलं जाई. ती गोड असेलच असं नाही, बऱ्याचदा कोरडीच असे. गोड हवी असेल तर ‘ओ सोटर्न’ अशी वेगळी पाटी असायची. अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात २००६ साली करार झाला, तेव्हापासून नव्या लेबलांवर हे नाव टाकता येत नाही. आधीपासून वापरणाऱ्यांना तेवढी सवलत आहे.

देवनागरीत ‘एस’चा हा फरक दिसणारच नाही, कारण फ्रेंचमध्ये तो ‘एस’ उच्चारतच नाहीत. म्हणून फ्रेंच वाईनला ‘सोतेर्न’ आणि अमेरिकी मालाला ‘सोटर्न’ असं लिहिलं तर निदान ‘त’ आणि ‘ट’ वर काम भागेल. तुमच्या वाक्यात मी सरळ ‘पांढरी वाईन’ लिहीन.

विचारणा :

हे उत्तम. म्हणजे चोखंदळ वाचकाला ‘सोतेर्न’ म्हटल्यावर जे आठवतं ते इथे नाहीच. पण कोशातला ‘गोड’ हा शब्द मला अजून पटत नाहीये. साखर घालतात का तीत? आणि पुढे एका प्रकरणात ‘नोबल रॉट’ आलंय, त्याला ‘उदात्त सड’ म्हणू का?

प्रतिसाद :

‘उदात्त सड’ नको, हसतील लोक. ‘नोबल रॉट’ म्हणजे द्राक्षांवर धरणारी एक बुरशी. ती नेमकं काय करते ते सांगतो, मग शब्द ठरवू.

तिथे सिरों नावाची छोटी, गार पाण्याची नदी गारोनला मिळते. गारोनचं पाणी तिच्यापेक्षा उबदार, त्यामुळे शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं आणि बागांवर पसरतं. या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी धरते. दुपारी ऊन पडून हवा कोरडी झाली की तिचा जोर ओसरतो. बुरशीचे तंतू मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडतात, त्यांतून आतलं पाणी उडून जातं आणि मणी तपकिरी-जांभळा होऊन मनुकेसारखा सुरकुततो. आत उरतं ते साखर आणि आम्ल यांचं दाट मिश्रण. बुरशी थोडी साखर खाते, आम्लही खाते, आणि वर स्वतःची भर घालते : ग्लिसरॉल, शिवाय मध, जर्दाळू, केशर यांची आठवण करून देणारे वास. नुसत्या पिकून सुकलेल्या द्राक्षात ते येत नाहीत. सेमियों ही तिथली मुख्य जात, आणि तिची साल पातळ असल्यामुळे बुरशीला ती सोपी जाते. जोडीला सोव्हिन्यों ब्लां आणि थोडी मुस्कादेल.

दुपारचं ऊन मिळालं नाही, पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी घड नासवते. एकच जीव, दोन नावं. नासवणारीला ‘करडी कूज’ म्हणता येईल. उपकार करणारीसाठी मी ‘गुणी बुरशी’ सुचवतो. ‘नोबल’मधला खानदानीपणा त्यात येत नाही हे मान्य, पण मराठीत ‘सड’ आणि ‘कूज’ यांना इतका कुबट वास आहे की कुठलंही विशेषण लावून तो जात नाही.

आता साखर. गोडी वरून घातलेली नसते, ती राहून गेलेली असते. बुरशी सगळ्या घडावर एकदम धरत नाही, म्हणून मजूर हातात कात्री घेऊन त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि त्या दिवशी तयार असलेला भाग तेवढाच काढतात, प्रसंगी एकेक मणी. हे सप्टेंबरपासून कधी कधी नोव्हेंबरपर्यंत चालतं. रस निघतो थोडा आणि इतका गोड, की त्यातली सगळी साखर आंबली तर २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल व्हावं. यीस्टला ते झेपत नाही. साखरेचा दाब आणि वाढतं अल्कोहोल यांमुळे ते १३-१४ टक्क्यांशी दमतं. उरलंसुरलं काम गंधकाच्या वायूने थांबवतात. लिटरमागे १०० ते १५० ग्रॅम साखर शिल्लक राहते. एवढं असूनही ती मिट्ट लागत नाही, याचं श्रेय त्या आम्लाला.

उत्पन्नाचं गणितही यातच आलं. नियमाने हेक्टरी जास्तीत जास्त २५०० लिटर. सोतेर्नमधल्या शातो दिकेम या वाईनघरात तर एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास निघतो असं म्हणतात. बोर्दोच्या वाईनच्या १८५५ च्या प्रतवारीत सगळ्यांच्या वर एकटं बसवलेलं हेच घर. १९९२ आणि २०१२ या वर्षांची वाईन मनासारखी झाली नाही म्हणून त्यांनी ती या नावाने बाजारात आणलीच नाही.

आणखी एक प्रतिसाद :

जेवणानंतर गोडाबरोबर घेतात त्या ‘डेझर्ट वाईन’ला ‘मिष्टान्न-मद्य’ कसं वाटतं?

प्रतिसाद :

जड आहे, शिवाय दिशाभूल करणारं. फ्रान्समध्ये सोतेर्न जेवणाच्या सुरुवातीला फ्वा ग्राबरोबर (पोसलेल्या बदकाच्या किंवा हंसाच्या यकृताबरोबर) घेतात, नाहीतर रॉकफोर चीझबरोबर. खारट आणि गोड यांची ती जोडी पक्क्या गोडावर घेण्यापेक्षा कितीतरी सरस. अमेरिकी नियमांत तर ‘डेझर्ट वाईन’चा गोडीशी संबंधच नाही, १४ टक्क्यांच्या वर आणि २४ पर्यंत अल्कोहोल असलेली द्राक्षांची वाईन एवढाच तिचा अर्थ. त्या हिशेबाने १३.५ टक्क्यांची सोतेर्न त्यात बसतच नाही. आपण ‘गोड वाईन’ म्हणावं आणि कृती सांगायची असेल तिथे सांगावी : बुरशीची (सोतेर्न, हंगेरीतली तोकाय), वेलीवर गोठलेल्या द्राक्षांची (जर्मन आइसवाइन, उणे ७ अंश किंवा त्याखाली काढणी), वाळवलेल्या द्राक्षांची, की वरून स्पिरिट घातलेली. पोर्ट या शेवटच्या गटातली, तिला सोतेर्नच्या ओळीत बसवू नका.