मदत हवी आहे: एक पाप सांगायचे राहिले, तर संपूर्ण कन्फेशन पुन्हा करावे लागते का?

दादरकर
गेल्या शनिवारी कन्फेशनला, म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो असताना एक पाप सांगायचे राहून गेले. फादरांनी पापमुक्ती दिली, प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या प्रार्थना मी केल्या आणि रविवारी कम्युनियनही (मिस्सामधला पवित्र प्रसाद) घेतले. आता सगळे पुन्हा सांगायचे की फक्त राहिलेले? येत्या शनिवारपूर्वी नेमके उत्तर हवे आहे.

वसईची सून
राहून गेले म्हणजे आठवले नाही, की आठवत असून सांगितले नाही? प्रामाणिकपणे विसरलेल्या पापाची क्षमा इतर पापांबरोबरच होते, हे कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1551 मध्येच सांगितले आहे. ते पुढच्या कन्फेशनमध्ये सांगावे, एवढेच. दुसरा प्रकार असेल तर गोष्ट वेगळी आहे.

ओर्लेमचे काका
माझे ऐका, चिठ्ठी नेत जा. दहा आज्ञा एकेक घेऊन आदल्या रात्री लिहून काढायचे आणि बाहेर पडल्यावर चिठ्ठी फाडून टाकायची. काहीही राहत नाही.

जुनी पॅरिशनर
काका, या चिठ्ठ्यांनीच माझ्या आईची झोप उडवली होती. दोन्ही बाजू भरल्या तरी तिला काहीतरी सुटल्यासारखे वाटे. कॅनन 988 (चर्चच्या कायद्याचे कलम) प्रमाणे प्रकार आणि संख्येसह सांगणे सक्तीचे आहे ते गंभीर पापांपुरते. लहानसहान पापे सांगणे चांगले, पण सक्तीचे नाही.

माहीमचा
फोनवरून केलेले कन्फेशन वैध नसते, हेही लक्षात ठेवावे.

दादरकर
फोनचे मी विचारलेच नव्हते. पाप आठवत होते. माझ्या मागे आमच्याच इमारतीतल्या मावशी उभ्या होत्या, कन्फेशनच्या जाळीपलीकडचा पंखा नेमका बंद होता आणि कुजबुजही बाहेर ऐकू जाईल असे वाटले, म्हणून ‘घरच्यांशी खोटे बोललो’ एवढ्यावर भागवले. खरे म्हणजे आईच्या खात्यातून तिला न विचारता मी चार वेळा पैसे काढले आहेत, आणि रक्कम किरकोळ नाही.

वसईची सून
मग हे विसरणे नव्हे. गंभीर पाप जाणूनबुजून लपवले, तर ते कन्फेशन वैध होत नाही आणि त्यात सांगितलेली इतर गंभीर पापेही पुन्हा सांगावी लागतात. याआधीही असेच झाले होते का?

दादरकर
ईस्टरच्या आधीही झाले होते.

वसईची सून
तर शेवटच्या वैध कन्फेशनपासूनची सर्व गंभीर पापे सांगा, आणि ही दोन अपुरी कन्फेशने व त्यानंतर घेतलेले कम्युनियन यांचाही उल्लेख करा. तोवर कम्युनियन घेऊ नका.

माहीमचा
आपल्याच पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) जायला हवे असे नाही. मी बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये असतो, तिथल्या गर्दीत कोण कोणाला ओळखतो? मावशींचा प्रश्नच मिटेल.

ओर्लेमचे काका
आणि फादरांनी गुप्तता मोडणे कॅनन 983 प्रमाणे पूर्णपणे निषिद्ध आहे. पण चिठ्ठी न्याच.

दादरकर
आधी भावाला सांगावे लागेल का?

जुनी पॅरिशनर
पैसे आईचे आहेत, तेव्हा ते तिला परत मिळाले पाहिजेत. भावापुढे कबुली देणे ही पापमुक्तीची अट नाही. मात्र परतफेडीचा निश्चय मनात धरूनच जाळीपाशी गुडघे टेकावेत. एकरकमी जमत नसेल तर कसे करावे, ते फादरांनाच विचारा.

दादरकर
आत्ताच पासबुक काढून पाहिले. चार वेळा नाही, पाच वेळा काढले आहेत.