कोच, फक्की आणि डालडाचा डबा (अनुभव धागा: सॉफ्टबॉलवाले इकडे या)

निंबोणी
परवा लेकीच्या मैत्रिणीची मॅच बघायला ॲन आर्बरला गेलो. तासभर आधीच पोचलो. मैदानात एक मुलगा छोटी गाडी ढकलत पांढऱ्या रेघा मारत होता आणि वारा नेमका आमच्या बाजूचा. नाकात फक्की गेली, दोन शिंका आल्या आणि मी डायरेक्ट १९९४ मध्ये.

आमच्या कॉलेजला रेघा मारायची गाडी नव्हती. मॅडमनी डालडाच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली होती. पहाटे साडेपाचला पदर खोचून, साडीखाली पांढरे कॅनव्हास घालून, डबा हलवत हलवत होमपासून, म्हणजे बॅटर उभी राहते तिथून, फर्स्ट बेसपर्यंत चालत जायच्या. दोरी न लावता. रेघ एकदम सरळ. एकदा मी हट्टाने डबा घेतला तर माझी रेघ बसस्टँडकडे निघाली. "हिला राइट फील्डलाच ठेवा" एवढंच म्हणाल्या. तीन वर्षं राइट फील्डला, म्हणजे जिकडे बॉल फारसा येतच नाही तिकडे, होते मी.

तर ते मैदान म्हणजे मिशिगन विद्यापीठाचं. तिथे कॅरोल हचिन्स १९८५ ते २०२२ हेड कोच होती. इथे सगळे नुसतं हच म्हणतात. ३८ सीझन, आणि त्यातला एकही असा नाही की हरलेल्या मॅच जिंकलेल्यांपेक्षा जास्त. त्याआधीचं दुसऱ्या कॉलेजातलं एक वर्ष धरून एकूण १७०७ विजय. ती थांबली तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये एवढे कुणाचेच नव्हते. लेकीला सगळं तोंडपाठ. मग विचारते, आई तुझ्या मॅडमचे किती विन्स?

काय सांगणार? मोजलेच नाहीत कुणी. मॅडमना तर हरलेल्याच मॅच लक्षात असायच्या, कितव्या इनिंगला कुणाच्या ढिलाईने गेली त्यासकट.

तीस-तीस वर्षं एकाच मैदानावर उभं राहिलेलं माणूस तुमच्याही कॉलेजात असेल ना? लिहा. चांगलं वाईट दोन्ही. कुकर लावलाय, तिसरी शिट्टी झाली, पळते.

तापीकाठ
डालडा!!! आमच्याकडे पोस्टमनचा होता. तेलाचा डबा हो, पत्रवाला नव्हे.

जळगावकडचा आहे, सॉफ्टबॉल शाळेपासून. मी डावखुरा. अख्ख्या जिमखान्यात डावखुऱ्याचा ग्लोव्ह एकच, तोही सरांचा स्वतःचा. इंटरकॉलेज जवळ आलं की महिनाभर तो माझ्याकडे असायचा आणि सर स्लगरने (आमच्यात बॅटला स्लगर म्हणतात) बॉल मारून फिल्डिंग द्यायचे. परत आलेला थ्रो ते उघड्या हाताने घ्यायचे. सत्काराला हार घालताना त्यांचा हात हातात आला माझ्या. करंगळी कायमची वाकडी. बाकीचं नंतर, साहेब आले.

वऱ्हाडी_ठेचा
आमचे सर लय खतरनाक. पाचले ग्राउंडवर नाई दिसलं का सायकल थेट घरापाशी. माय म्हने, ऊठ बाबू, सर आले अन् ते चहा बी नाई घेत. डिसेंबरच्या थंडीत बॉल स्लगरच्या बुडाले लागला का हात असे झनझन करे का विचारू नका. २६ वर्स तेच केलं त्यायनं. मंग रिटायर झाले त दुसऱ्या दिवशी बी पाचले हजर. नवीन सर येत साडेसहाले. दीड घंटा पोरं जुन्या सरजवळ, मंग नव्या सरजवळ. दोघंही खूश.

चिंटूकाका
मूलभूत शंका. सॉफ्टबॉल म्हणजे मऊ बॉलचा बेसबॉल ना? मग करंगळी कशी वाकडी होते?

एक_होती_कॅचर
काका या एकदा समोर. मऊ म्हणे. माझे पुढचे दोन दात कुठे गेले मग?

निंबोणी
चिंटूकाका, नावाशिवाय त्यात सॉफ्ट काही नाही. १२ इंच घेराचा बॉल. पिचर हात खालून गरागरा फिरवून सोडते, आणि इथे कॉलेजला ते फक्त ४३ फुटांवरून. बेसबॉलवाल्यांना साठच्या वर मिळतात. त्यामुळे बॅट फिरवायची की नाही हे ठरवेपर्यंत बॉल कॅचरकडे गेलेला असतो. मॅच सात इनिंगची. बास, पोळी तव्यावर आहे.

ओवी_ओक्लाहोमा
आमच्या नॉर्मन गावच्या कोच पॅटी गॅसोला विसरू नका गं. १९९५ पासून ओक्लाहोमा विद्यापीठात. आली तेव्हा टीमला स्वतःचं मैदान नव्हतं, गावातल्या रीव्ह्ज पार्कात खेळायच्या. साधी नगरपालिकेची बाग असते तशी बाग. २००० ला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, मग होत होत आठ, त्यातली २०२१ ते २०२४ अशी चार सलग. सलग चार आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेली नाहीत.

मी धाकट्याला त्याच पार्कात झोक्यावर नेते. एकदा तिथे बसून आईला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगत होते तर आई म्हणाली, ते वादळ येतं तेच ना गाव तुमचं? झालं. पुढचा अर्धा तास टोर्नेडो. तसं खरं सांगायचं तर सायरन झाला की मी आणि मुलं कोरड्या बाथटबमध्ये, डोक्यावर गादी, आणि नवरा अंगणात व्हिडिओ काढतोय. विषय काय होता?

गारवा
वेगळा धागा काढा टोर्नेडोचा. नवऱ्यासकट.

पेठेतला
२००५. मी ॲन आर्बरला मास्टर्स करत होतो. उन्हाळ्यात घरी जायला तिकिटाचे पैसे नाहीत, खोलीत एसी नाही, रूममेट सातारचा. टीव्हीवर मिशिगनची फायनल लागली होती म्हणून बघत बसलो. समोर यूसीएलए, लॉस एंजेलिसचं विद्यापीठ, म्हणजे या खेळातली मुंबईची रणजी टीम. तीन मॅचची फायनल. पहिली ५-० ने हरले, दुसरी ५-२ ने जिंकले, तिसरी १-१ वर अडकली. सात इनिंग झाल्या, आठवी, नववी. सातारकर तोपर्यंत रन आऊट आणि फोर्स आऊट यातला फरक मलाच शिकवायला लागला होता.

दहाव्या इनिंगला समँथा फिंडले नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरीने तीन रनांचा होमरन मारला. ४-१. सातारकर असा ओरडला की खालची घरमालकीण दाणदाण जिना चढून वर आली. आता खोली सोडायला सांगणार असं वाटलं. पण बाई स्वतःच ओरडत आली होती.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या कुठल्याच कॉलेजला तोवर हे विजेतेपद मिळालं नव्हतं. हचचा तो मिशिगनमधला एकविसावा सीझन. वीस सीझन कप नाही, तरी बाई जागेवर. आपल्याकडे विसाव्या महिन्यात नोटीस काढली असती.

स्वराची_आई
@निंबोणी तू ॲन आर्बरजवळच्या कँटनकडे का? गणपतीत मंडळाच्या जेवणाला बटाट्याच्या भाजीपाशी उभी होतीस तीच असशील तर माझं मोदकपात्र तुझ्याकडे आहे बहुतेक. झाकणावर लाल दोरा बांधलाय.

निंबोणी
अय्या हो!! दोन महिने विचारतेय सगळ्यांना कुणाचं आहे म्हणून. शनिवारी आणून देते.

आत्ता_तरी_अनामिक
माझा अनुभव वेगळा आहे, मूड घालवते त्याबद्दल सॉरी. आमचेही सर एकाच कॉलेजात तीस वर्षं होते. त्यातली मैदानावर किती, देव जाणे. प्रॅक्टिस आम्हीच एकमेकींची घ्यायचो, सर ऑफिसात. सर्टिफिकेट वाटायच्या दिवशी मात्र हजर. ज्या मुलीने स्लगर कुठून धरतात ते पाहिलं नव्हतं तिचं नाव टीमच्या यादीत यायचं, कारण तिला मार्क हवे असायचे. आणि माझ्यासोबतची शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर), जिचा थ्रो फर्स्टला असा चपकन यायचा की ग्लोव्हमधली धूळ उडायची, ती एका वर्षी यादीत नव्हती. तिने विचारलं. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

म्हणजे नुसती वर्षं मोजू नका एवढंच.

एक_होती_कॅचर
सॉरी कशाला. बरं झालं लिहिलंस.

वऱ्हाडी_ठेचा
त्या शॉर्टस्टॉपचं वाईट वाटलं राव.

उंबरठा
कालपासून वाचतेय, लिहू की नको करत. मी सध्या हेच काम करते, मराठवाड्यातल्या एका कॉलेजला, तासिका तत्त्वावर. दर वर्षी नव्याने मुलाखत, नवी ऑर्डर, सुट्टी लागली की मानधन बंद. ३८ वर्षं एका मैदानावर राहायचं तर आधी कुणीतरी ते मैदान ३८ वर्षं तुम्हाला द्यावं लागतं. रडगाणं नाही, हिशोब सांगतेय. मुलगी पहिल्या वर्षाला येते. पिचिंगला घेतलं की पहिले सहा महिने मनगटच वळत नाही, बॉल एकतर बॅटरच्या पाठीमागे नाहीतर माझ्या डोक्यावरून. दुसऱ्या वर्षी मांडीला घासून हात बरोबर सुटायला लागतो. तिसऱ्या वर्षी ती तयार, आणि तेव्हा मी तिथे असेन की नाही हे मला माहीत नसतं.

हचबद्दल मी पण शोधून वाचलं. १७०७ पेक्षा मला १९७९ जास्त आवडलं. ती मिशिगन स्टेटला शिकायला होती, सॉफ्टबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही खेळायची. तिथल्या सॉफ्टबॉल टीमने १९७६ ला राष्ट्रीय स्पर्धा जिंकली (आत्ताची नव्हे, तेव्हाच्या वेगळ्या संघटनेची), त्यात ती होती. बास्केटबॉलमध्ये मात्र मुलांच्या टीमला प्रवासाला, जेवणाला जे मिळायचं ते मुलींना नाही. तर या पोरींनी १९७९ ला स्वतःच्याच विद्यापीठावर केस केली. आणि केसला नाव हिचं, हचिन्स विरुद्ध विश्वस्त मंडळ! १९७२ चा टायटल नाईन कायदा होता ना पाठीशी, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येत नाही असा. पुढे नोकरी केली ती त्या विद्यापीठाच्या शेजारच्या, हाडवैरी विद्यापीठात. केवढी मजा आली असेल दर वर्षी त्यांच्याशी खेळताना!

आमच्याकडे केस नसते, पावत्या असतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून टीमचा जायचा-यायचा खर्च निम्म्यावर आला, हे योजना काढणाऱ्यांच्या डोक्यातही नसेल. गेल्या हंगामाचा टीए-डीए अजून आलेला नाही. क्लार्क म्हणतात एक सही राहिलीय. कुणाची ते सांगत नाहीत.

एक_होती_कॅचर
"एक सही राहिलीय" मी दारावरच्या पाटीवर लिहून घेणार आहे.

निंबोणी
उंबरठा, आमच्या मॅडमची पण एक सही राहिलेली असायची गं. त्या पावत्या गोदरेजच्या कपाटात बांगड्यांच्या डब्यात ठेवायच्या. चोरी झाली तर चोर पण कंटाळेल म्हणायच्या.

चिंटूकाका
मुलांच्या टीमलाही फार मिळतं असं नाही हो. आमच्या खो-खोला दोन केळी.

एक_होती_कॅचर
आम्हाला एक. तेच तर सांगतायत त्या.

तापीकाठ
आलो. साहेब गेले. सरांचं राहिलं होतं.

हचने २०२२ ला विजयांत ज्याला मागे टाकलं तो ॲरिझोना विद्यापीठाचा कोच माइक कँड्रिया, १६७४ विजय, आठ विजेतेपदं, ३५ च्या वर वर्षं तिथेच. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकेची टीमही त्याचीच होती, फायनलला जपानकडून हरली. जपानची पिचर युकिको उएनो. दोन दिवसांत तीन मॅचमध्ये ४१३ बॉल टाकले बाईने. आम्ही पोरं वेडी झालो, सरांना म्हटलं सर आपल्या सुनीलला पण असंच टाकायला लावू. सर म्हणाले, कप दरवर्षी असतो, खांदा एकच असतो. तिसऱ्या इनिंगला सुनीलला बाहेर काढलं आणि आम्ही ती मॅच हरलो. त्या वेळी फार राग आला होता. सुनील अजून खेळतो, चाळिशीच्या गटात, पोट सांभाळून.

(सुनील हे नाव बदललंय. पोट खरं आहे.)

ओवी_ओक्लाहोमा
२०२८ लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल आमच्याकडे ओक्लाहोमा सिटीत आहे बरं का. राहायची सोय करते, बाथटब मोठा आहे.

गारवा
हाहाहा. आणि गादी?

उंबरठा
निंबोणीताई, एक कामाचं विचारू? परवा आमच्याकडे विभागीय मॅच आहेत. रेघांची गाडी मोडलीय, दुरुस्तीच्या अर्जावर सही राहिलीय. मी पेंटच्या डब्याला भोकं पाडायला घेतली तर डबाच चेपला. आणि फक्की येतच नाहीये.

निंबोणी
थांब, मॅडमनाच फोन लावते. तिकडे सकाळ झाली असेल.

निंबोणी
लागला. डब्यात आधी ओली वाळू ठासून भरायची, उलटा करून मग खिळा मारायचा, चेपत नाही. भोकांची धार आत येते त्यात फक्की अडकते, ती कानशीने घासून टाक. आणि फक्की आधी चाळून घे म्हणाल्या. रात्रीचं दव पडलं की गुठळ्या होतात.

उंबरठा
कानस नाहीये. नेलकटरची चालेल?

निंबोणी
विचारलं. म्हणाल्या चालेल, पण कितवी मॅच आहे आणि पिचर कोण आहे ते आधी सांग.