पाच तारे दिसले म्हणजे झालं का?

भाऊ, वर तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी टॅम पॅनल (मुद्दाम क्रॅक पाडलेली चाचणीची प्लेट) मारतो, क्रोम पट्टीवरचे पाचही तारे, म्हणजे ताऱ्यासारखे लहानमोठे क्रॅक, दिसले की पेनिट्रंट लाइन (क्रॅकमध्ये शिरणाऱ्या डायनं धातूच्या पृष्ठभागावरचे क्रॅक शोधायची, म्हणजेच डीपीची) ओके. चूक नाही, पण पॅनलची तब्येत कोण बघतं? आमच्याकडे जळगाव एमआयडीसीत सगळ्यात बारीक तारा हळूहळू गायब झाला, सगळ्यांनी पेनिट्रंटला शिव्या घातल्या, नवा डबा पण फोडला, आणि निघालं काय तर पोरगं पॅनल नुसता फडक्यानं पुसून ड्रॉवरमध्ये टाकायचं, क्रॅकमध्ये जुना डाय वाळून बसलेला. आता वापर झाला की नीट धुऊन अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतो आणि नवा असतानाच्या फोटोशी ताडून बघतो. नुसतं दिसला की नाही एवढंच नाही, किती मोठा दिसला ते पण.

डाय चमकून दिसावा म्हणून यूव्ही लॅम्पचं मीटर (३८ सेंमीवर किमान १००० मायक्रोवॅट प्रति चौ. सेंमी) आणि खोलीतला उजेड २० लक्सच्या आत, हे तर आलंच.

पण आपल्या खान्देशात खरा घोळ मे महिन्यात. पॅनल मारायचा एसीच्या खोलीत आणि जॉब (तपासायचा भाग) बाहेर यार्डात, हात लावला तर चटका बसेल असा! एएसएमईमध्ये (अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचा कोड) जॉबला साधारण ५ ते ५२ अंश सेल्सिअसचीच मुभा आहे, त्याच्यावर गेलं तर अ‍ॅल्युमिनियमचा क्रॅक पाडलेला कंपॅरेटर ब्लॉक घ्यायचा, एक अर्धा नेहमीच्या तापमानाला आणि दुसरा जॉबच्या तापमानाला करून दोन्हीकडच्या रेषा सारख्या येतात का बघायचं. आम्ही तो कुटाणा टाळतो, उन्हाळ्यात यार्डातलं डीपी पहाटे सहालाच उरकतो.