गुरुवारपर्यंत आवाज बसतो. व्हॉइस ट्रेनिंग आधीच घ्यावं का?

दौलतगंजकर: ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या शाळेत शिकवते. नववीच्या वर्गात ६२ पोरं, डोक्यावर खडखडणारे दोन पंखे, खिडकीखाली टेम्पोंचे भोंगे. सोमवारी आवाज खणखणीत, गुरुवारी घोगरा, शनिवारी हजेरी मॉनिटर घेतो. परवा "शांत बसा" म्हणायला गेले तर नुसती हवा निघाली. वर्ग हसला, मीही हसले. रविवारी पुन्हा ठीक. सासूबाईंनी तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळायला लावली. आंबट लागली, बाकी काही नाही. आता शाळेत आवाजाचं दोन तासांचं शिबिर आहे, माणशी ८०० रुपये. आधीच शिकून घेतलं तर दुखणं खरंच टळतं का?

खर्जवाली: ताई, मी गाणं शिकवते. ८०० रुपये ठेवा, पहाटे दहा मिनिटं खर्ज भरा, म्हणजे खालचे सूर लावा. पण आवाज बसलेला असताना नको, तेव्हा गप्प राहणं हाच रियाज.

वाचा_इंदूर: स्पीच थेरपिस्ट आहे. खरं सांगू? २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात (ते जगभरचे वैद्यकीय प्रयोग गोळा करून तपासतात) या प्रश्नावर दोनच छोटे प्रयोग सापडले, एक शिक्षकांवर आणि एक भावी शिक्षकांवर. प्रशिक्षणाने त्रास टळतो याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ते निरुपयोगी ठरलं असं नाही, पण दोन तासांच्या शिबिरावर भिस्त नको. बाईमाणसाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात. ओरडलं की जास्त जोरात. तेव्हा ओरडणंच कमी करा. छोटा माइक घ्या. खाकरू नका, घोट घोट पाणी प्या. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण येऊ शकतो. पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन स्ट्रॉमधून "ऊ" म्हणत बुडबुडे काढा, हे आम्ही पेशंटना रोज करायला लावतो. घोगरेपणा चार आठवडे सलग राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने बघून घ्या.

खर्जवाली: बुडबुडे! आमच्या गुरुजींनी हाकलून दिलं असतं. पण ओठ मिटून गुणगुणायला तेही लावायचे.

दौलतगंजकर: बुडबुडे काढले, मुलगी व्हिडिओ काढत होती. आज एक पंखा बंद केला, फळा सोडून वर्गाच्या मधोमध उभी राहिले आणि गप्प करायला टाळी वाजवली. टाळी दोनदाच चालली. माइक कमरेला लावायचा का? मेळ्यात खेळणी विकणाऱ्यांचा असतो तसला? पोरं "चना जोर गरम" म्हणतील.

वाचा_इंदूर: म्हणू देत. स्पीकर कमरेला, माइक गालाजवळ. आणि तो लावून परत ओरडू नका, बरेच जण तेच करतात.