इंग्लंडमधल्या मृत्युपत्राला हरकत: कॅव्हेट कधी, बॅरिस्टर कधी?

केतकी, हॅरो
मावसोबा गेल्या महिन्यात वारले. शेवटच्या आजारपणात नवीन मृत्युपत्र झालं, त्यात घर एकट्या मुलाला. तेव्हा त्यांना नीट समजत होतं का, अशी मावसबहिणीला शंका आहे. प्रोबेट (मृत्युपत्राला मिळणारी अधिकृत मान्यता) अजून निघालेलं नाही. कॅव्हेट (प्रोबेट रोखून धरणारी नोंद) लावावं का? सॉलिसिटरशिवाय (कागदपत्रं, दाव्याचं काम पाहणारा वकील) थेट बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) गाठता येतो का?

चॅन्सरीकर
केतकीताई, कॅव्हेट लगेच लावायला सांगा. फी नाममात्र, मुदत 6 महिने, शेवटच्या महिन्यात वाढवून मिळते. लोक फसतात ते पुढे. भावाने 'वॉर्निंग' (कॅव्हेटला आव्हान देणारी नोटीस) बजावली की 14 दिवसांत 'अपिअरन्स' (तिचं लेखी उत्तर) दाखल करावा लागतो. तो राहिला तर भाऊ कॅव्हेट काढून टाकू शकतो. अपिअरन्समध्ये आपला विरोधी हक्क लिहायचा: जुन्या मृत्युपत्रातला वाटा, किंवा मृत्युपत्रच नसतं तर वारस म्हणून मिळणारा. नुसतं 'अन्याय झाला' चालत नाही.

त्याच आठवड्यात मृत्युपत्र करणाऱ्या सॉलिसिटरला 'लार्क विरुद्ध न्यूगस' पत्र (त्या खटल्यावरून पडलेलं नाव) पाठवा. सूचना कोणी दिल्या, त्या वेळी खोलीत कोण होतं, जुनं मृत्युपत्र का बदललं, सही कशी झाली, हे विचारा आणि फाइलची प्रत मागा. जीपी (फॅमिली डॉक्टर) व हॉस्पिटलचे कागदही मागवा. समजशक्तीचा निकष 1870 च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो खटल्याचा: आपण मृत्युपत्र करतोय, मालमत्ता साधारण किती, कोणाचा विचार करायला हवा, हे त्यांना उमगत होतं का. डिमेन्शियाचं निदान तेवढ्याने पुरत नाही. आणि पुरावा नसताना भावावर दडपणाचा आरोप करू नका. आरोप फसला तर खर्च अंगावर येतो.

डोमिसाइल
वरच्यात एक भर. मृत्युपत्र टिकलं तरी 1975 च्या कायद्याखाली (कुटुंबीय व अवलंबितांसाठीचा) मालमत्तेतून तरतूद मागता येते, पण कॅव्हेट त्यासाठी नाही. त्यासाठी 'स्टँडिंग सर्च' लावा, म्हणजे प्रोबेट निघाल्याचं कळेल. तिथून 6 महिन्यांत दावा. सज्ञान मुलीला फक्त निर्वाहापुरतं मिळतं. 2017 च्या इलॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशाच मुलीचे 50,000 पौंडच कायम केले.

आपल्या लोकांच्या बाबतीत खरी मेख वेगळीच: या दाव्यासाठी मृत्यूच्या वेळी मावसोबांचं डोमिसाइल (कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर) इंग्लंड-वेल्सचं हवं. ब्रिटिश पासपोर्ट आणि हॅरोचं घर यांनी ते आपोआप सिद्ध होत नाही. 'निवृत्तीनंतर पुण्यालाच परतणार' अशी पत्रं, तिथे राखलेला फ्लॅट हे समोरचा वकील दाखवणारच. ते कागद आधी तपासा.

चॅन्सरीकर
डोमिसाइलचा मुद्दा पटला. बॅरिस्टरबद्दल: 'पब्लिक ॲक्सेस'ने थेट जाता येतं. मात्र वेगळा परवाना नसेल तर तो दावा दाखल करणं, कागद बजावणं करत नाही. ते बहिणीलाच करावं लागेल. म्हणून त्याच्याकडून लेखी मत आणि प्लीडिंग (कोर्टात द्यायचं लेखी म्हणणं) घ्या, फी त्याच्या क्लार्कशी (त्याचं कामकाज पाहणारा) आधीच ठरवून. सोबत तारखांची यादी, दोन्ही मृत्युपत्रं आणि सॉलिसिटरचं उत्तर द्या.

भावाने स्वतः दावा लावला तर बचावातच नोटीस देता येते: मृत्युपत्र रीतसर सिद्ध करा, आम्ही फक्त मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ. मग विरोधाला वाजवी आधारच नव्हता असं कोर्टाला वाटलं, तरच खर्च तिच्यावर पडतो.